शिंदळ माकुडीचे संवर्धन : शरीरक्रिया आणि निगा

प्रस्तावना :
सह्याद्रीतील दुर्मिळ मांसल वनस्पतींमध्ये शिंदळ माकुडीचे (फ्रेरिया इंडिका) स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. डालझेल यांनी १८६५ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले व मुंबई प्रांताचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचे नाव तिला दिले. आता तिचा समावेश बौसेरोसिया या प्रजातीत केला जातो. शिवनेरीसारख्या किल्ल्यांच्या कातळकड्यांवर ती वाढते. काळसर तांबड्या, ताऱ्यासारख्या फुलावर पिवळ्या खुणा असतात. महाराष्ट्राबाहेर ती नैसर्गिक स्थितीत आढळत नाही. आर्णीसारख्या ठिकाणी महाविद्यालयीन उद्यानात ती कुंडीत कशी जगवावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शरीरक्रिया :
तिच्या बहुतेक आप्त वनस्पतींना ठळक पाने नसतात. हिला मात्र पावसाळ्यात हिरवीगार पाने येतात व कोरड्या ऋतूत ती गळून पडतात. लांगे व झुबेर यांनी १९७७ मध्ये दाखविले की, पाने सामान्य वनस्पतींप्रमाणे दिवसा कर्बवायू घेतात, तर मांसल खोड निवडुंगाप्रमाणे रात्रीच्या वेळी वायू घेऊन पाण्याची बचत करते. म्हणजेच एकाच झाडात दोन ऋतूंसाठी दोन व्यवस्था आहेत. पानगळ हे मृत्यूचे लक्षण नसून विश्रांतीची सुरुवात आहे. येथेच संवर्धकाची चूक होते. झाड वाळले असे समजून तो पाणी वाढवितो आणि खोड कुजते.

निगा :
आर्णी परिसरातील काळी कापसाची जमीन पाणी धरून ठेवते. म्हणून ती कुंडीत वापरू नये. मुरूम, जाड वाळू व थोडे पानकुजीचे खत यांचे मिश्रण घ्यावे. कुंडीच्या तळाला छिद्र असावे. पावसाळ्यात माती वरून सुकल्यावरच पाणी द्यावे. पाने गळल्यावर ते अगदी कमी करावे. सह्याद्रीच्या कड्यांपेक्षा येथील उन्हाळा अधिक प्रखर असल्याने दुपारचे ऊन टाळून सकाळचे कोवळे ऊन मिळेल अशी जागा निवडावी. अभिवृद्धी फाटेकलमाने सहज होते. आठ-दहा सें.मी. लांबीचा तुकडा कापून काही दिवस सावलीत ठेवावा व छेद सुकल्यावर लावावा.

समारोप :
फाटेकलमाने तयार केलेली शंभर रोपे जनुकीयदृष्ट्या एकाच झाडाची असतात. त्यामुळे कुंड्यांची संख्या वाढली तरी जातीची विविधता वाढत नाही. ती कड्यांवरील बीजोत्पन्न रोपांतच टिकते. म्हणून कड्यावरून रोप उपटून आणू नये. लागवडीतील झाडाचाच फाटा मिळवावा. महाविद्यालयातील कुंडी हे विद्यार्थ्यांना या वनस्पतीची ओळख करून देण्याचे उत्तम साधन आहे. परंतु तिचे खरे संरक्षण कड्यावरच व्हावे लागेल.