टाळेबंदीतील मनोधैर्य : एका धान्यव्यापाऱ्याचा अनुभव

संपादक मंडळींनी या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम संकोच वाटला. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि त्यानंतर गहू, ज्वारी व डाळी यांच्या ठोक व्यापारात गेलेली सुमारे चार तपे, एवढेच माझे भांडवल. परंतु २०२० सालच्या महामारीत घरी कोंडून पडलेल्या मनाला धीर कसा द्यावा, हा धडा मला उतारवयात नव्याने गिरवावा लागला. तो सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

साथीचा रोग सुरतकरांना नवा नव्हता. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगाची वार्ता पसरताच लाखो माणसे थोड्याच दिवसांत हे शहर सोडून गेली. मीही मुलाबाळांना घेऊन भुसावळकडे जाणाऱ्या गाडीने दोंडाईच्याला, आमच्या मूळ गावी, पोहोचलो होतो. त्या गाडीत उभे राहण्यासही जागा नव्हती. परंतु संकटापासून दूर जात आहोत, एवढे तरी समाधान होते. २०२० मध्ये सर्वच उलटे झाले. २२ मार्चला जनता संचारबंदी पाळली गेली, प्रवासी गाड्या थांबल्या आणि २४ मार्चच्या रात्री एकवीस दिवसांची देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. पर्वत पाटियातील आमच्या गॅलरीत गुढी उभारली, तेव्हा खाली रस्त्यावर चिटपाखरूही नव्हते. रिंगरोडवरील कापडबाजार बंद, शाळा बंद. जेथे होतो तेथेच राहावयाचे होते.

धान्य ही जीवनावश्यक वस्तू असल्यामुळे आमचा व्यापार पूर्णपणे थांबला नव्हता. चिरंजीव परवाना घेऊन ठराविक वेळेपुरते पेढीवर जात. साठी ओलांडलेल्या मला मात्र घरच्यांनी उंबरठ्याबाहेर पाऊल टाकू दिले नाही. सकाळपासून दूरचित्रवाणीसमोर बसावे, रुग्णांचे व मृतांचे आकडे बाजारभावासारखे पाठ करावे, चहा थंड झाला म्हणून सुनेवर चिडावे आणि रात्री छताकडे पाहत पडून राहावे, असे दहा-बारा दिवस गेले. ६ एप्रिलला महावीर जन्मकल्याणकाचा दिवस आला. मिरवणूक नव्हती. घरीच सर्वांनी मिळून नवकार मंत्र म्हटला. माझे ओठ हलत होते. चित्त मात्र ठिकाणावर नव्हते.

त्याचे कारण केवळ रोगाचे भय नव्हते. आमच्या वखारीत अकरा हमाल होते. टाळेबंदी लागताच मी मुनीमजींना सांगितले होते की, आजवरच्या पोत्यांचा हिशेब चुकता करा, वर उचल मात्र देऊ नका. पोते उचलले तर हमाली, हा बाजाराचा जुना रिवाज. त्या दृष्टीने त्यात काही वावगे नव्हते. परंतु त्याच रात्री आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, “अहो, आपल्या कोठीत अजून दोन महिन्यांचे गहू आहेत. त्यांच्याकडे किती दिवसांचे असतील?” मला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी सर्वांत जुन्या हमालाला फोन केला. तो नवापूरकडचा, गावच्या मुलांबरोबर एका खोलीत राहणारा. तो म्हणाला, “शेठ, पीठ आहे चार दिवसांचं. पण खोलीत आम्ही आठ जण. पोरं लूमवर जात होती तेव्हा निम्मी दिवसपाळीला, निम्मी रातपाळीला. एका वेळी चार माणसं आत. आता आठही आतच. झोपायलासुद्धा पाळी लावतो.”

“धीर धरा” हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. ते तेथेच राहिले. भरल्या कोठीशेजारी बसून दुसऱ्यास धीराचे बोल सांगणे फार सोपे असते. त्याच दिवशी अकराही जणांना उचल पाठविली. चिरंजीवांनी टेम्पोतून पीठ, तूरडाळ व तेल पोहोचते केले. आणि रोज दुपारी चार वाजता प्रत्येकाची फोनवर विचारपूस करण्याचा मी नेम धरला. हे दानधर्म म्हणून सांगत नाही. उशिरा फेडलेले देणे म्हणून सांगतो. त्या रात्री मला झोप लागली.

चार वाजताचे ते काम ठरले आणि बाकीचा दिवसही त्याभोवती नीट बसत गेला. पहाटे सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे. बातम्या दिवसातून एकदाच, संध्याकाळी. चैत्र-वैशाख हे वर्षाचे धान्य भरण्याचे दिवस. तयार पिठाच्या पिशव्यांमुळे अनेक घरांतून हे काम आता गेले आहे. पेढीवरून दोन पोती गहू मागविले व नातवंडांना हाताशी घेतले. चाळणे, सुपात पाखडणे, खडे निवडणे, एरंडेलाचा हात देऊन गहू कोठीत भरणे, हे सर्व ती मुले शिकली. नातीला दाण्याच्या चकाकीवरून शरबती व लोकवन यांतील भेद सांगता येऊ लागला, तेव्हा पेढीवर मोठा सौदा झाल्याइतका आनंद मला झाला. गच्चीवर पापड वाळू लागले आणि घरात पुन्हा हसणे ऐकू आले.

आपल्या पूर्वजांनी श्रावकास दिग्व्रत व देशावकाशिक व्रत सांगितले आहे. पहिल्यात आपल्या येण्याजाण्याची सीमा ठरवावयाची, तर दुसऱ्यात ती थोड्या काळासाठी आणखी आखडून घ्यावयाची. लहानपणापासून ही नावे ऐकली होती. अर्थ तेव्हा कळला. आज सूर्यास्तापर्यंत हा उंबरठा माझी सीमा, असा संकल्प मी रोज सकाळी करू लागलो. दार तेच, भिंती त्याच. परंतु शासनाने कोंडले, ही चरफड उरली नाही.

तथापि हा उपाय प्रत्येक दुःखावर चालतो, असे मी म्हणणार नाही. एप्रिलच्या अखेरीस माझी थोरली बहीण दोंडाईच्याला वार्धक्याने वारली. जाता आले नाही. अंत्यदर्शन मोबाईलच्या काचेतून घेतले. त्या दिवशी ना सामायिकात मन लागले, ना कामात. चार वाजता केवळ सवयीने फोन उचलला. “शेठ, आज आवाज का बसला?” असे त्या जुन्या हमालानेच विचारले. मी सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि त्याने फोनही ठेवला नाही. ज्याला मी रोज धीर देत होतो, त्याच्याकडूनच त्या दिवशी मला तो मिळाला.

मे महिन्यात वाटा थोड्या मोकळ्या झाल्या, तेव्हा अकरांपैकी सहा जण गावी गेले. दिवाळीनंतर चौघे परतले. दोघांनी गावीच शेती धरली. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या साथीची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आता ते दिवस स्वप्नवत् वाटतात. म्हणूनच सभासद बंधूंना एक नम्र सूचना करावीशी वाटते. दिवाळीला वहीपूजन झाले की नव्या वहीच्या पहिल्या पानावर आपण शुभ-लाभ लिहितो. त्याच्या पुढच्याच पानावर आपल्या पेढीतील प्रत्येक मुनीम, हमाल व गाडीवानाचे नाव, गाव आणि फोन क्रमांक लिहून ठेवावा. आमच्या वहीत २०२० पासून ते पान आहे. दोंडाईच्याच्या बातमीचा दिवस आठवला की मी ते उघडतो आणि एखाद्यास सहज फोन करतो.