पूर्व विदर्भाची वनसंपदा – लेखांक सातवा : पिवळा पळस

गतांकी लाखेच्या कीटकाची हकीकत सांगताना पळसाचे नाव ओघाने आले होते. आणि ज्या गोंदिया शहराचे नावच रानातला गोंद बाजारात आणणाऱ्या गोंडांवरून पडले असे सांगतात, त्या मुलखाच्या लेखमालेत गोंद देणाऱ्या या झाडाला टाळून पुढे जाणे शक्यही नाही. परंतु आजचा विषय फाल्गुनात सारे माळ भगवे करून सोडणारा नेहमीचा पळस नव्हे. शेकडो झाडांत शोधूनही सहसा न गवसणारे त्याचे पीतवर्णी भावंड हा आहे. मध्य प्रांताच्या जंगल खात्यातील विट नावाच्या साहेबाने त्याची निराळा प्रकार म्हणून नोंद केली, आणि 'ल्युटिआ', म्हणजे पिवळा, हे पद त्याच्या शास्त्रीय नावात अद्याप टिकून आहे.

असे एक झाड मी पाहिले आहे. गाव मात्र मुद्दाम सांगत नाही. निष्पर्ण फांद्यांवर लिंबाच्या सालीसारखी पिवळी फुले दाटली होती. एक फूल खुडून तळहातावर घेतले तेव्हा शिंबावंत कुलाची ती ओळखीची पतंगरूप ठेवण दिसली: पाठीशी एक ध्वज, बाजूंना दोन पंख, आणि जिच्या बाकामुळे संस्कृतात 'किंशुक', म्हणजे 'हा पोपट तर नव्हे?', हे नाव पडले ती चोचीसारखी नौका. घडण तीच, केवळ रंग पालटलेला. पळसाचे परागण मुख्यत्वे जांभळ्या शिंजिराकडून होते, काही प्रमाणात खारीकडूनही. शेंग धरलीच तर तिच्या टोकाशी बी एकच असते, आणि तेवढ्यावर वंश चालायचा.

धानाच्या बांधीभोवतीचा धुरा हा याचा हक्काचा इलाखा. पावसाळाभर पाणी तुंबले तरी हे झाड कुजत नाही, पाला गुरे सहसा खात नाहीत, आणि तोडले तर मुळांतून पुन्हा धुमारे फुटतात. कुऱ्हाड आणि चराई यांना पुरून उरणाऱ्या या जातीतील पिवळ्यावर जो घाला येतो, तो गुप्तधनाच्या खुळापायी. गावोगावी त्याला 'पांढरा पळस' म्हणतात, त्याच्या मुळीने पुरलेले धन दिसते असे मानतात, आणि अमावास्येच्या रात्री कोणी तरी येऊन मुळ्या खणतो किंवा साल सोलतो. साल सभोवार निघाली की पानांनी केलेले अन्न खाली उतरेनासे होते आणि मुळे उपाशी मरतात. मग धुमारे तरी कोठून फुटणार? मी पाहिलेल्या खोडावर सालीचा हातभर पट्टा गेलेला होता, आणि त्या जखमेवर धुऱ्याच्या मालकाने शेणमातीचा जाड लेप थापला होता.

पुढे आम्ही पुन्हा तेथे गेलो असताना मोटारसायकलवरून आलेल्या दोघा परक्यांनी त्या म्हाताऱ्या मालकाला विचारले, "बाबा, इकडे पांढरा पळस कुठे आहे?" फुले केव्हाच गळून पालवी फुटू लागली असल्याने समोरचे झाड त्यांना ओळखू येण्याजोगे नव्हते. म्हाताऱ्याने हातातली विडी विझवली आणि निर्विकारपणे उत्तर दिले, "कुठीबी जा भाऊ, पळसाले पानं तीनच."