अनुवादाचा प्रतिसंस्कार : बगदाद ते जामनगर

आपल्या चिकित्सालयातील कपाटात चरक, सुश्रुत, वाग्भट यांच्या ज्या सार्थ प्रती असतात, त्यांच्या मुखपृष्ठावर संहिताकाराचे नाव ठळक असते, अनुवादकाचे त्याहून लहान असते आणि त्या कामाचा खर्च ज्याने सोसला त्याचे नाव बहुधा नसतेच. वास्तविक संहितेचा अनुवाद हे एकट्याने एकांतात बसून उरकण्याचे काम कधीच नव्हते. मूळ ग्रंथ जाणणारा वैद्य, ज्या भाषेत न्यावयाचा त्या भाषेचा पंडित आणि त्या दोघांचा योगक्षेम चालविणारा आश्रयदाता असे तिघे एकत्र आले तेव्हाच हे कार्य सिद्धीस गेले. परंतु एवढ्यानेही ते टिकले असे नाही. अग्निवेशाचे तंत्र आज आपल्या हाती आहे ते चरकाने त्याचा प्रतिसंस्कार केला म्हणून, आणि चरकाची संहिता पूर्ण आहे ती दृढबलाने चिकित्सास्थानातील सतरा अध्याय तसेच कल्पस्थान व सिद्धिस्थान ही भरून काढली म्हणून. मूळ ग्रंथास जो न्याय, तोच अनुवादासही आहे. अनुवादाचा प्रतिसंस्कार झाला नाही तर काय होते, हे पाहण्यासाठी आठव्या शतकातील बगदादकडे जावे लागते.

अब्बासी खलीफा अल्‌-मन्सूर याने इ.स. ७६२ मध्ये बगदादची स्थापना केली. पुढे हारून अल्‌-रशीद याच्या कारकीर्दीत, म्हणजे इ.स. ७८६ नंतर, राज्याची सर्व सूत्रे याह्या बिन खालिद या वजिराच्या हाती होती. हे बरमकी घराणे मूळचे बाल्ख येथील. तेथील नौबहार, म्हणजे नवविहार, या बौद्ध विहाराचे प्रमुखपद या घराण्याकडे परंपरेने चालत आलेले होते, आणि 'बरमक' हा शब्द संस्कृत 'प्रमुख' या शब्दापासून आला असे अभ्यासक मानतात. घराणे मुसलमान झाले, राजकारणात शिरले, पण भारतीय विद्येविषयीची त्यांची आस्था राहिली. याह्याने एक मनुष्य मुद्दाम भारतात पाठवून येथील औषधी वनस्पती मागविल्या व येथील धर्ममतांची माहिती लिहून आणविली, अशी नोंद इब्न अल्‌-नदीम याने दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात रचलेल्या 'फिहरिस्त' या ग्रंथसूचीत आहे.

याच सूचीत आपल्या संहितांची नावे येतात. सुश्रुतसंहितेचे अरबी रूपांतर मनका नावाच्या भारतीय वैद्याने याह्याच्या आज्ञेवरून केले. ते दहा भागांत होते आणि रुग्णालयात चिकित्सकाने हाताशी ठेवावयाचा ग्रंथ म्हणून ते वापरले जावे असा उद्देश होता. अष्टांगहृदयाचे रूपांतर इब्न धन याने केले. हा बरमकींच्या रुग्णालयाचा प्रमुख होता. चरकसंहिता मात्र सरळ आली नाही. ती प्रथम फारसीत गेली होती, आणि त्या फारसीवरून अब्दुल्ला बिन अली याने ती अरबीत उतरविली. रूसा नामक एका भारतीय स्त्रीचा स्त्रीरोगांवरील ग्रंथही या सूचीत आहे. त्याचे मूळ आज आपल्याला उपलब्ध नाही, ही हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे.

येथे आश्रयदात्याचा हेतू ध्यानात घेण्यासारखा आहे. याह्याला ग्रंथालयाची शोभा वाढवावयाची नव्हती, रुग्णालय चालवावयाचे होते. म्हणूनच त्याने भाषापंडितांवर विसंबून न राहता रुग्ण तपासणारे वैद्य या कामी नेमले. मनका हा केवळ दुभाषी नव्हता. हारूनच्या एका दुर्धर व्याधीसाठी त्याला भारतातून पाचारण करण्यात आले होते आणि खलीफाला त्याच्या चिकित्सेने गुण आला, असे इब्न अबी उसैबिया हा तेराव्या शतकातील चरित्रकार सांगतो. त्याने मनकाविषयी दिलेली एक हकीकत तर आजच्या बाजारपेठेतही जशीच्या तशी लागू पडावी. मनका एकदा रस्त्याने जात असता एक विक्रेता चादर पसरून बसला होता आणि आपला एकच अवलेह कोणकोणत्या व्याधींवर चालतो, याची भली मोठी यादी ऐकवीत होता. त्याचे बोलणे समजावून घेतल्यावर मनका हसला. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, हा मनुष्य खरे बोलत असेल तर घरचा असा वैद्य सोडून एवढा खर्च करून मला स्वदेशातून व कुटुंबातून येथे आणण्याचे खलीफाला कारण काय? आणि खोटे बोलत असेल तर त्याला शासन का होत नाही? अवलेह करणाऱ्या आपल्या सदस्यांनी ही गोष्ट आपापल्या जाहिरातींच्या मजकुराशेजारी ठेवून पाहण्यास हरकत नाही.

इ.स. ८०३ मध्ये हारूनची मर्जी फिरली. याह्याचा पुत्र जाफर याचा शिरच्छेद झाला, घराण्याची मालमत्ता जप्त झाली आणि याह्या इ.स. ८०५ मध्ये बंदिवासातच मरण पावला. आश्रयदाता गेला आणि त्याबरोबर भारतीय वैद्यकग्रंथांचा अनुवादही जवळजवळ थांबला. अपवाद एक आहे. चाणक्याच्या नावावर चालणारा विषविषयक ग्रंथ मनकाने याह्यासाठी फारसीत उतरविला होता. तो पुढे खलीफा अल्‌-मामून याच्यासाठी पुन्हा सिद्ध करण्यात आला. विषाचा विषय राजांच्या विशेष जिव्हाळ्याचा असावा, त्यात नवल नाही.

यानंतरच्या पिढीत बगदादेत ग्रीक वैद्यकाचे जे झाले, त्याच्याशी तुलना केली म्हणजे आपल्या संहितांचे दुर्दैव स्पष्ट होते. हुनैन बिन इसहाक हा ख्रिस्ती वैद्य इ.स. ८७३ च्या सुमारास वारला. तो स्वतः चिकित्सक आणि ग्रीक, सुरयानी व अरबी या तिन्ही भाषांचा जाणकार होता. गेलन या ग्रीक वैद्याच्या सुमारे १२९ ग्रंथांचा वृत्तान्त त्याने एका पत्रात लिहून ठेवला आहे. कोणत्या ग्रंथाचे पूर्वी कोणी भाषांतर केले होते, ते किती सदोष होते, आपण किती हस्तलिखिते जमवून पाठ ताडून पाहिले, कोणाच्या सांगण्यावरून पुन्हा भाषांतर केले, हे सारे त्यात आहे. स्वतः तारुण्यात केलेली भाषांतरेही त्याने नंतर नव्याने तपासली. या कामामागे एकच आश्रयदाता नव्हता. बनू मूसा हे तीन बंधू अनुवादकांवर दरमहा सुमारे ५०० दिनार खर्च करीत, आणि दरबारातील अनेक वैद्य आपापल्या गरजेनुसार ग्रंथ करवून घेत. गेलनला पहिला अनुवादक मिळाला, तसा प्रतिसंस्कर्ताही मिळाला. चरकाला बगदादेत पहिलाच मिळाला, आणि तोही फारसीच्या आडवाटेने.

परिणाम दोनशे वर्षांनी दिसतो. अल्‌-बिरूनी हा विद्वान इ.स. १०३० च्या सुमारास भारतविषयक आपला ग्रंथ लिहीत होता. त्याला संस्कृत येत होते. बरमकींसाठी झालेल्या चरकाच्या अरबी भाषांतराचा तो उल्लेख करतो, आणि मापांच्या प्रकरणात चरकातील मानपरिभाषा त्याच भाषांतरावरून देतो. ती देताना त्याने एक खुलासा केला आहे. हा भाग आपण कोणा जाणकाराच्या तोंडून ऐकलेला नाही, समोर असलेली प्रत भ्रष्ट वाटते आणि आपल्या काळचे लेखक नक्कल करताना अचूकतेची पर्वा करीत नाहीत, असे तो म्हणतो. अरबी लिपीत अक्षरांवरील टिंबे चुकली की शब्द बदलतो आणि ऱ्हस्व स्वर तर बहुधा लिहिलेच जात नाहीत. अशा लिपीत कर्ष, पल, कुडव, प्रस्थ यांची नावे तीन-चार नकलांनंतर कशी उरली असतील याची कल्पना करावी. ज्या भाषांतराचा मूळ हेतू रुग्णालयातील वापर हा होता, त्याचे मापच विश्वासार्ह राहिले नाही. ज्या ग्रंथावरून औषध सिद्ध करता येत नाही तो ग्रंथ वैद्य जपून ठेवीत नाही. ही तिन्ही अरबी भाषांतरे आज उपलब्ध नाहीत, त्यामागे हे एक कारण असावे असे मला वाटते.

उरले ते इतरांनी घेतलेले वेचे. अली बिन सहल रब्बन अत्‌-तबरी याने इ.स. ८५० मध्ये पूर्ण केलेल्या 'फिरदौस अल्‌-हिक्मा' या ग्रंथाच्या शेवटी ३६ प्रकरणे केवळ भारतीय वैद्यकाची असून त्यात चरक, सुश्रुत, निदान व अष्टांगहृदय यांचा आधार घेतलेला आहे. अल्‌-राझी याने आपल्या 'अल्‌-हावी' या प्रचंड संग्रहात चरकाचे नाव घेऊन मते दिली. या संग्रहाचे इ.स. १२७९ मध्ये आंजूच्या चार्ल्स राजासाठी फरज बिन सालिम या ज्यू वैद्याने लॅटिन भाषांतर केले, आणि अशा रीतीने चरकाचे नाव युरोपात पोहोचले, संहिता मात्र पोहोचली नाही. आपल्या त्रिफळ्याचे युनानी औषधांत 'इत्रीफल' झाले. हलीलज, बलीलज, अमलज ही हरीतकी, बिभीतक व आमलकी यांची अरबी नावे तर व्यापारी मार्गानेही गेली असतील.

तिबेटात निराळे घडले. रिन्‌चेन झंग्पो या अनुवादकाचा काळ इ.स. ९५८ ते १०५५. पश्चिम तिबेटातील गुगे राजघराण्याच्या आश्रयाने त्याने शेकडो संस्कृत ग्रंथ तिबेटीत नेले, त्यात अष्टांगहृदय आणि त्यावरील चंद्रनंदनाची पदार्थचंद्रिका ही टीका होती. संहिता टीकेसह गेली, आणि पुढे 'तंजूर' या धर्मग्रंथसंग्रहात तिला स्थान मिळाले. घराणे संपले तरी मठ राहिले, म्हणून तो अनुवाद आजही वाचता येतो. वाग्भटाच्या संस्कृत पाठाचा निर्णय करतानाही अभ्यासक त्याकडे वळतात.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात हे आश्रयदातेपण राजांपेक्षा मुद्रकांनी अधिक सांभाळले, याचा आपण पुरेसा विचार केलेला नाही. डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी अरुणदत्ताच्या टीकेसह संपादिलेले अष्टांगहृदय इ.स. १८८० मध्ये मुंबईत छापले गेले. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर मुद्रणालयाने पुढे यादवजी त्रिकमजी आचार्य यांच्याकडून चरक व सुश्रुत सटीक संपादून घेतले. त्यांची इ.स. १९४१ ची चरकाची आवृत्ती आजही प्रमाण मानली जाते. पाठ निश्चित झाला नसेल तर अनुवाद कशाचा करावयाचा? डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांच्या 'सार्थ वाग्भटा'ने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मराठी वैद्यांच्या कित्येक पिढ्या घडविल्या आहेत. संस्कृत न जाणणाऱ्या खेड्यातील वैद्याच्या हातीही तो ग्रंथ गेला.

जामनगरचे कार्य मात्र खऱ्या अर्थाने राजाश्रयाचे. नवानगर संस्थानाचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांच्या काळात, महाराणी गुलाबकुंवरबा यांच्या नावाने स्थापन झालेल्या आयुर्वेद सोसायटीने इ.स. १९४९ मध्ये चरकसंहितेचे सहा खंड प्रसिद्ध केले. मूळ संस्कृत, आणि त्यासोबत इंग्रजी, हिंदी व गुजराती अशी तीन भाषांतरे. युद्धकाळात पोलंडच्या निराधार मुलांना बालाचडी येथे आसरा देणारे हेच ते जामसाहेब. त्यांतील काही मुले पुढे कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत आली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. या प्रकल्पाची धुरा वाहणारे डॉ. प्राणजीवन माणेकचंद मेहता हे आधुनिक शल्यवैद्यकाचे उच्चविद्याविभूषित होते, आणि त्यांच्याबरोबर वैद्य व संस्कृतज्ञ यांचे मंडळ होते. एका शब्दासाठी तीन भाषांत तीन प्रतिशब्द शोधावयाचे म्हटले की संदिग्ध अर्थावर पांघरूण घालता येत नाही. या पद्धतीचा मोठा लाभ हाच. खंड प्रसिद्ध झाले तेव्हा नवानगरचे स्वतंत्र अस्तित्व उरले नव्हते. संस्थान इ.स. १९४८ मध्ये सौराष्ट्रात विलीन झाले होते. तरीही बगदादची पुनरावृत्ती झाली नाही, कारण ग्रंथ छापील होता आणि जामनगरात संस्था उभी होती. इ.स. १९५० नंतरच्या दशकात तेथे संशोधन व पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले आणि इ.स. १९६७ मध्ये विद्यापीठ झाले.

मुद्रणामुळे ग्रंथ नष्ट होण्याची भीती गेली, पण दुसरी अडचण आली. जुना अनुवाद आहे तसा पुन्हा पुन्हा छापला जाऊ लागला. अल्‌-बिरूनीला जो मानाचा प्रश्न पडला, तोच आज औषधनिर्मात्यापुढे येतो. जुन्या मराठी भाषांतरांत कर्षाला तोळा म्हटले जाते आणि द्रवपदार्थ शेरांत दिले जातात. ब्रिटिश अमदानीतील तोळा ११.६६ ग्रॅमचा, तर शेर निरनिराळ्या गावी निरनिराळा. इ.स. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडियाच्या पहिल्या भागाने कर्ष १२ ग्रॅम, पल ४८ ग्रॅम व प्रस्थ ७६८ ग्रॅम असे ठरविले. सर्व द्रव्ये एकाच मानाने मोजली तर प्रमाण बिघडत नाही. पण कल्क एका मानाने आणि तैल दुसऱ्या मानाने घेतले की बिघडते. त्यात अनुवादकाने द्रवद्वैगुण्याची परिभाषा एका योगात लावली व दुसऱ्यात लावली नाही, आणि तसे टिपेत सांगितलेही नाही, तर स्नेह व कल्क यांचे प्रमाण दुपटीने बदलते. त्याच नावाचे तैल दोन फार्मसींत दोन प्रकारचे होते, आणि रुग्णाला गुण का येत नाही याचा शोध वैद्य निदानात घेत बसतो.

नव्या अनुवादाच्या प्रकाशनाला समारंभ होतो, शाल-श्रीफळ दिले जाते. जुन्याच्या संशोधित आवृत्तीला पैसा देणारा सहसा भेटत नाही, कारण त्यात देणाऱ्याचे नाव होत नाही. आपल्या सदस्य फार्मसी दरवर्षी दिनदर्शिका, रोजनिशी व भेटवस्तू यांवर जो खर्च करतात त्यातील थोडा भाग या कामी वळविला तरी पुरे, संपूर्ण संहितेपासून आरंभ करण्याचे कारण नाही. चरकाची मानपरिभाषा कल्पस्थानाच्या बाराव्या, म्हणजे शेवटच्या अध्यायात आहे. हा भाग दृढबलाने पूर्ण केलेला. तेवढ्या श्लोकांचे आणि शार्ङ्गधराच्या प्रथम खंडातील मानाध्यायाचे मराठी रूप एक संस्कृतज्ञ, एक चिकित्सक आणि ज्याने स्वतः भट्टीपुढे उभे राहून तैलपाक केला आहे असा एक निर्माता यांनी एकत्र बसून तपासावे. जेथे अर्थाविषयी मतभेद राहील तेथे दोन्ही मते छापावीत, आणि कोणते मान धरले आहे ते प्रत्येक योगाखाली ग्रॅम व मिलिलिटरमध्ये लिहावे.