भूकंपाची लाट कुठे विरते? गैरसमज आणि वस्तुस्थिती

धक्का किती जाणवेल हे केवळ भूकंपाच्या आकारावर आणि अंतरावर ठरते, असे बहुतेकांना वाटते. अमेरिकेतले दोन भूकंप शेजारी ठेवले की हा हिशेब कोलमडतो. 2004 साली कॅलिफोर्नियातल्या पार्कफिल्डला 6.0 महत्तेचा, तर 2011 साली व्हर्जिनियात 5.8 महत्तेचा भूकंप झाला. पहिल्याची ऊर्जा दुसऱ्याच्या दुप्पट होती. तरीही धाकट्याचा हादरा जॉर्जियापासून कॅनडापर्यंत पोचला, आणि सुमारे 130 किलोमीटरवरच्या वॉशिंग्टन स्मारकाला तडे गेले. लाट ज्या खडकांतून जाते, ते तिच्यातली ऊर्जा कमीअधिक शोषतात. मात्र इथे सावध राहायला हवे. असे जवळचे हादरे मुख्यतः भूकवचातून पसरतात. त्याखालच्या प्रावरणाबद्दल त्यांवरून थेट निष्कर्ष काढता येत नाही.

त्यासाठी हजारो किलोमीटर दूरच्या भूकंपांच्या लहरी लागतात. त्या खोल जाऊन प्रावरणातून जवळजवळ उभ्या वर येतात, त्यामुळे दोन केंद्रांवरच्या नोंदींतला फरक बराचसा त्या केंद्रांखालच्या खडकांचा असतो. प्रावरण म्हणजे वितळलेला लाव्हा, हाही गैरसमज इथेच गळून पडतो: द्रवातून जाऊ न शकणाऱ्या एस लहरी त्यातून आरपार येतात. ते घनच आहे, पण काही थरांत वितळण्याच्या इतके जवळ की लाटेची ऊर्जा खनिजकणांच्या सूक्ष्म सरकण्यात उष्णता होऊन जाते. ज्येवॉन्स्की आणि अँडरसन यांच्या 1981 च्या पृथ्वी-प्रारूपात 80 ते 220 किलोमीटर खोलीवर एस लहरींची दर आवर्तनाला सुमारे 8 टक्के ऊर्जा जाते; त्याच्या वरच्या कठीण थरात जेमतेम 1 टक्का.

यावर रास्त आक्षेप असा, की मऊ गाळ लाटेचा आयाम वाढवतो आणि मंद वेगाचा भाग भिंगासारखा लहरी एकवटतो. मग शोषण वेगळे कसे काढायचे? शोषणात जलद कंपने आधी मरतात, संथ कंपने टिकतात. एकाच लाटेतल्या दोहोंचे प्रमाण ताडून पाहिले की बराच गुंता सुटतो; भिंगाचा परिणाम वेगाच्या नकाशावरून मोजून वजा करता येतो. 2004 पासून सुमारे 400 भूकंपमापकांचे जाळे, एकमेकांपासून साधारण 70 किलोमीटरवर, अमेरिकेच्या पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकवत नेले गेले, तेव्हा पश्चिमेखालचे वरचे प्रावरण जास्त शोषणारे आणि पूर्वेकडच्या जुन्या खंडाखालचे कमी शोषणारे दिसले. मग नुसता वेग का पुरत नाही? कारण वेग खडकाच्या घटकांमुळेही बदलतो, शोषण मात्र तापमानासोबत फार झपाट्याने वाढते. वेग मंद आणि शोषणही जास्त असेल, तर तिथे उष्णतेचा संशय बळावतो. वेग मंद असूनही लाट टिकत असेल, तर खडकच वेगळा असण्याची शक्यता आधी तपासावी लागते.