संगणकाच्या पोटात (भाग ९) : ठोके कोणाचे, काम कोणाचे

गेल्या आठवड्यात प्रोसेसरच्या घड्याळाची ओळख झाली. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी ठोके. नुसते ठोके मोजून दोन प्रोसेसरांचा निकाल लावता आला असता, तर आजचा लेख चार ओळींत संपला असता. एके काळी बाजार तसाच निकाल लावत असे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर संगणक जुळवून घ्यायला गेलेला माणूस आधी ‘किती गिगाहर्ट्झ?’ असं विचारायचा आणि दुकानदारही त्याच हिशेबानं भाव सांगायचा.

ऑक्टोबर २००१ मध्ये एएमडीनं ‘अ‍ॅथलॉन एक्सपी १८००+’ बाजारात आणला आणि हा हिशेब बिघडला. नावात १८००, पण चिपचे प्रत्यक्ष ठोके १.५३ गिगाहर्ट्झ. कंपनीचं अधिकृत म्हणणं असं, की हा आकडा आमच्याच जुन्या अ‍ॅथलॉनच्या तुलनेत आहे. गिऱ्हाइकानं मात्र तो वाचायचा तसाच वाचला: १.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियमच्या तोडीचा. त्यानं तसं वाचावं अशीच सोय होती, हे उघड आहे. समोर इंटेलचा पेंटियम ४ होता, त्या ऑगस्टमध्येच २ गिगाहर्ट्झवर पोचलेला. यात लबाडी होती का? चाचण्या पाहिल्या तर बऱ्याच कामांत हा कमी ठोक्यांचा अ‍ॅथलॉन त्या पेंटियमच्या बरोबरीनं चालत होता, काही कामांत पुढेही जात होता.

हिशेब साधा आहे. एका ठोक्यात सरासरी किती सूचना पार पडतात, या संख्येनं ठोक्यांना गुणायचं. समजा, पेंटियमची एका ठोक्यात एक सूचना होते आणि अ‍ॅथलॉनच्या १.३ होतात (आकडे केवळ गणितापुरते). मग पेंटियमच्या सेकंदाला २०० कोटी आणि अ‍ॅथलॉनच्या १९९ कोटी. म्हणजे जवळजवळ बरोबरी. दोन्ही चिप एकाच जातीच्या सूचना पाळतात, म्हणून इथे एवढ्यावर भागतं. सूचनांची जातच वेगळी असेल तर तेच काम किती सूचनांत होतं, हेही मोजावं लागतं.

मग इंटेलच्या इंजिनिअरांनी ठोके वाढवून एका ठोक्यातलं काम का कमी केलं? उत्तर पाइपलाइनमध्ये आहे. लग्नघरच्या पुऱ्या डोळ्यांपुढे आणा. एकजण गोळे करतो, दुसरा लाटतो, तिसरा तळतो. हेच काम वीसजणांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला इतकं थोडं येतं, की ताल दुपटीनं वाढवता येतो. पेंटियम ३ मध्ये असे साधारण १० टप्पे होते, नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या पेंटियम ४ मध्ये २०. एकसारख्या पुऱ्या करायच्या असतील तोवर ही रांग उत्तम चालते. पण ‘पुऱ्या नकोत, पोळ्या करा’ असा निरोप आला, की रांगेतला सगळा अर्धवट माल बाजूला टाकावा लागतो. रांग जितकी लांब तितका तोटा मोठा. प्रोग्रॅममध्ये असे निरोप पावलोपावली येतात, कारण तो ‘जर-तर’नं भरलेला असतो. पुढे काय येणार याचा प्रोसेसर आधीच अंदाज बांधतो आणि तो बहुतेक वेळा बरोबर ठरतो. चुकला की पाइपलाइन रिकामी करावी लागते.

म्हणूनच व्हिडिओचं रूपांतर करण्यासारख्या एकसुरी कामात पेंटियम ४ जोरात धावायचा आणि फांद्या फुटत जाणाऱ्या कामात अडखळायचा. ‘कोणता प्रोसेसर वेगवान?’ हा प्रश्न म्हणूनच मला अर्धवट वाटतो. त्यात काम कोणतं, हे सांगितलेलंच नसतं. आणि काम निवडण्याचा अधिकार ज्याच्या हाती, निकाल त्याचा. जुलै २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या मंचावर अ‍ॅपलनं ८६७ मेगाहर्ट्झच्या मॅकशेजारी १.७ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ ठेवला आणि फोटोशॉपमध्ये त्याला हरवून दाखवलं. फोटोशॉप कोणी निवडलं होतं, हे सांगायला नको.

यावर उपाय म्हणजे पुष्कळ वेगवेगळी कामं घ्यायची आणि सरासरी काढायची. इथे एक मजेदार सापळा आहे. समजा दोनच कामं आहेत. पहिल्यात ‘अ’ दुप्पट वेगवान, दुसऱ्यात ‘ब’ दुप्पट वेगवान. ‘अ’ला १ धरलं तर ‘ब’चे गुण अर्धा आणि दोन, सरासरी १.२५. म्हणजे ‘ब’ पंचवीस टक्के सरस! आता ‘ब’ला १ धरा. त्याच न्यायानं ‘अ’ पंचवीस टक्के सरस ठरतो. दोघेही एकमेकांपेक्षा सरस, दोन्ही जाहिराती खऱ्या. हे टाळायला गुणांची बेरीज न करता गुणाकार करून त्याचं मूळ काढतात, म्हणजे भूमितीय सरासरी. अर्धा गुणिले दोन बरोबर एक, त्याचं वर्गमूळ एक: बरोबरी. १९८८ मध्ये स्थापन झालेली ‘स्पेक’ ही संस्था आपल्या प्रोसेसर-चाचण्यांत हीच पद्धत वापरते. तरी कामांची यादी कोण ठरवतं, हा प्रश्न उरतोच. पेंटियम ४ सरस दिसावा म्हणून चाचण्यांमध्येच फेरफार झाले, असा दावा अमेरिकेतल्या ग्राहकांनी कोर्टात केला होता. इंटेलनं आरोप मान्य केले नाहीत, पण २०१४ मध्ये तडजोड होऊन पात्र ग्राहकांना १५ डॉलर देण्याचं ठरलं.

ठोक्यांची शर्यत संपवली ती उष्णतेनं. २००४ च्या ‘प्रेस्कॉट’ पेंटियममध्ये पाइपलाइन ३१ टप्प्यांची झाली, चिप तापू लागली आणि ठोके ३.८ गिगाहर्ट्झवर अडकले. ४ गिगाहर्ट्झची चिप रद्द झाली तेव्हा इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत गमतीनं गुडघे टेकून माफी मागितली. त्याच वर्षी इंटेलनंही प्रोसेसरच्या नावातून गिगाहर्ट्झ काढून ५५० सारखे क्रमांक द्यायला सुरुवात केली. एएमडीत त्या दिवशी पेढे वाटले असतील तर नवल नाही. जुलै २००६ मध्ये आलेल्या कोअर २ ड्युओत टप्पे १४ वर आले आणि त्यातल्या २.४ गिगाहर्ट्झच्या चिपनं ३.८ च्या पेंटियमला मागे टाकलं.

आज मोबाइलच्या खोक्यावर कोअर आणि लाखांतले ‘स्कोअर’ छापतात. तो स्कोअर बहुधा थंड फोनचा असतो. पंधरा मिनिटं गेम खेळून फोन तापला, की चिप स्वतःच आपले ठोके कमी करते. त्यामुळे तुलनाच करायची तर आपल्या रोजच्या वापरातलं काम द्या, आणि तेही ताप चढेपर्यंत.

एक धागा मुद्दाम सोडला आहे. अ‍ॅथलॉनमध्ये पहिल्या पातळीची कॅश मेमरी १२८ किलोबाइट होती; पेंटियम ४ मध्ये डेटासाठी अवघी ८. ती काटकसर नव्हती, जाणूनबुजून छोटी ठेवली होती. का, ते पुढच्या आठवड्यात.