ओलावा संधारण, बागेतील मृदेचे

पावसाने वा सिंचनाने मृदेत शिरलेले पाणी मुळांच्या आवाक्यात अधिकाधिक काळ टिकवून धरण्याच्या उपायांना ओलावा संधारण म्हणतात. बाग कोरडी पडू लागली की पाणी वाढविण्याकडे सर्वसाधारण कल असतो. परंतु दिलेले पाणी कोणत्या वाटेने निघून जाते हे आधी पाहणे आवश्यक असते. काही पाणी पृष्ठावरून वाहून जाते, काही मुळांखाली झिरपते, काहीची उघड्या मातीवरून वाफ होते आणि उरलेलेच वनस्पतीच्या उपयोगी पडते.

कोरडेपणाचे प्रमाण केवळ पर्जन्यावर ठरत नाही. कोकण व गोवा येथे वर्षाला सु. २,५०० मिमी. वा त्याहून अधिक पाऊस पडतो. तरीही तेथील जांभ्या मृदेतून पाण्याचा निचरा झपाट्याने होत असल्याने एप्रिलमध्ये बागा सुकू लागतात. याउलट सोलापूरकडील खोल काळ्या मृदेत सु. ६०० ते ७०० मिमी. पावसाच्या साठलेल्या ओलीवर रबी ज्वारीचे पीक उभे राहते. हा फरक मृदेच्या पोताचा व खोलीचा होय [⟶ मृदा].

गुरुत्वाने निचरा होऊन गेल्यावर मृदेत उरणाऱ्या पाण्यापैकी सर्वच मुळांना मिळत नाही. ब्रिग्ज व शांत्स या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९१२ मध्ये दाखविल्याप्रमाणे, ओलावा एका ठराविक मर्यादेखाली गेला की वनस्पती कायमची कोमेजते, मग मातीत थोडे पाणी शिल्लक असले तरी ते निरुपयोगी ठरते. या दोन मर्यादांमधील पाणी म्हणजे उपलब्ध ओलावा. एक मीटर खोलीच्या वाळूमय मृदेत तो सु. ५ ते १० सेंमी., तर पोयट्याच्या मृदेत सु. १५ सेंमी. वा त्याहून थोडा अधिक असतो. मुरमाड जमिनीत मातीचा थरच वीतभर असल्यास हे आकडे त्या मानाने घटतात.

ओलावा वाढविण्यासाठी सेंद्रिय खत घालावे, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. तो योग्य असला, तरी त्यापासून बाळगलेली अपेक्षा बहुधा अवास्तव असते. मिनॅस्नी व मॅकब्रॅटनी यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार, मृदेतील सेंद्रिय कार्बन वजनाने १ टक्क्याने वाढविल्यास उपलब्ध ओलावा आकारमानाच्या सरासरी १.१६ टक्क्यांनीच वाढतो. ३० सेंमी. जाडीच्या थरात ही वाढ जेमतेम ३.५ मिमी. होते, आणि त्यासाठी दर चौ. मी.ला सु. ४ किग्रॅ. कार्बन मातीत टिकून राहावा लागतो. वाळूमय मृदेत लाभ अधिक, चिकण मृदेत अल्प असतो. शेणखत वा कंपोस्ट व्यर्थ आहे, असा याचा अर्थ नव्हे. त्यांच्यामुळे मातीचे कण रवाळ होतात, पृष्ठावर पापुद्रा धरत नाही, पाणी वाहून न जाता आत शिरते व मुळे खोल जातात. साठवणीपेक्षा हा फायदा मोठा होय.

आच्छादन : बाष्पीभवन रोखण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय. ओल्या मातीवर ऊन व वारा थेट लागत असताना पाणी जवळजवळ उघड्या पाण्याच्या वेगाने उडते. वरचा थर वाळल्यावर हा वेग मंदावतो. रोज थोडे थोडे पाणी शिंपडण्याची बागेतली सवय म्हणूनच नुकसानकारक असते, कारण त्यामुळे हा थर कधीच वाळत नाही. पाचट, भाताचा पेंढा किंवा पालापाचोळा ५ ते ८ सेंमी. जाड पसरावा. तो माती चांगली भिजल्यानंतरच घालावा, कारण कोरड्या जमिनीवरील दाट आच्छादन हलक्या सरी वरच्यावर शोषून घेते. खोडाभोवती थोडी जागा मोकळी ठेवावी. दख्खनच्या कोरड्या भागात वाळवीची अडचण हमखास येते. भुसा मातीत मिसळल्यास तो कुजताना मृदेतील नायट्रोजन काही काळ अडकून पडतो व रोपे पिवळी पडतात. तो पृष्ठावर ठेवल्यास हा दोष फारसा जाणवत नाही.

काळ्या मृदेत भेगांच्या भिंतींवरूनही बाष्पीभवन होते. उथळ खुरपणीने वा कोळपणीने या भेगा बुजतात आणि भुसभुशीत मातीचा थरच आच्छादनाचे काम करतो. कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे कोरडवाहू शेतकरी म्हणतात ते यामुळेच.

जेथे पेंढा मिळत नाही तेथे दगडही चालतात. कानेरी बेटांपैकी लांझारोते येथे वर्षाला सु. १५० मिमी. पाऊस पडतो. १७३०–३६ मधील ज्वालामुखी उद्रेकांत शेते राखेने व खड्यांनी झाकली गेली. पण त्या थराखाली माती ओली राहते असे आढळल्यावर शेतकऱ्यांनी त्यात खळगे करून द्राक्षवेली लावल्या. रात्रीचे दव शोषले जाते म्हणून वेली जगतात, असे तेथे सांगितले जाते. मुख्य लाभ मात्र बाष्पीभवन रोखले जाण्याचा आहे.

किनारपट्टीवर नारळाची सोडणे हे स्वस्त साधन आहे. सोडण आपल्या वजनाच्या ३ ते ५ पट पाणी धरते. माडाच्या आळ्यात पुरलेल्या सोडणांचा परिणाम सु. ५ ते ७ वर्षे टिकतो. काथ्याचा भुसा वापरण्यापूर्वी क्षार निघून जाण्यासाठी धुणे इष्ट असते.

हलक्या, मुरमाड जमिनीत तलावाचा गाळ मिसळल्याने पोतच बदलतो, म्हणून हा फायदा अनेक वर्षे टिकतो. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने या जुन्या प्रथेला चालना मिळाली. गाळ खारवट नाही याची खात्री आधी करून घ्यावी. पाणी शोषणारी कृत्रिम बहुवारिके (उदा., भारतीय कृषी संशोधन संस्थेचे पुसा हायड्रोजेल) कुंड्यांत व रोपवाटिकेत सोयीची असतात, क्षारयुक्त पाण्यात त्यांची शोषणक्षमता बरीच घटते.

पाणी देण्याच्या पद्धतींत मातीचे बिनझिलईचे मडके रोपाजवळ गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवणे ही सर्वांत काटकसरीची होय. इ. स. पू. पहिल्या शतकातील एका चिनी कृषिग्रंथात तिचे वर्णन आढळते. भोवतालची माती कोरडी होईल त्या प्रमाणात पाणी सच्छिद्र भिंतीतून पाझरते व ओल थेट मुळांशी राहते. मडक्याचे तोंड झाकलेले असावे. जड पाण्याच्या प्रदेशात काही हंगामांनी छिद्रे क्षारांनी बुजतात. तेव्हा मडके बदलावे लागते.