गुन्ह्याला मुदत असते का?

‘काळासारखे औषध नाही’ असे आपण म्हणतो. दुःखाच्या बाबतीत ते खरे असेल. पण गुन्ह्याच्या बाबतीत? आमच्या वसतिगृहात यावरून एका रात्री बराच वाद झाला. निमित्त होते ऑस्कर ग्रोनिंगचे. आउशवित्झच्या छळछावणीत ज्यूंकडून काढून घेतलेल्या पैशांचा हा हिशेबनीस. २०१५ साली, वयाच्या ९४ व्या वर्षी, तीन लाख खुनांना साहाय्य केल्याबद्दल जर्मन न्यायालयाने त्याला चार वर्षांची शिक्षा दिली. “गोवऱ्या मसणात गेलेल्या म्हाताऱ्याला तुरुंगात धाडून काय साधणार?” असे एका मित्राने विचारले. मला उत्तर देता आले नाही, म्हणून मी ग्रंथालय गाठले.

पश्चिम जर्मनीत खुनाच्या खटल्याला २० वर्षांची मुदत होती. महायुद्ध १९४५ साली संपले. म्हणजे १९६५ नंतर खुनी मोकळे! तेव्हा संसदेने ही वर्षे १९५० पासून मोजायचे ठरवले. १९६९ साली मुदत ३० वर्षांची झाली आणि १९७९ साली २५५ विरुद्ध २२२ मतांनी ती रद्दच झाली. त्याआधी १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनीही युद्धगुन्ह्यांना कालमर्यादा नसावी असा करार केला होता.

कायद्यातले घड्याळ असे थांबले. माणसांच्या आयुष्याचे कसे थांबणार? साक्षीदार वारले, आठवणी पुसट झाल्या. त्यातच, आरोपीने स्वतः अमुक खून केला असा पुरावा न्यायालये मागत. ग्रोनिंगची चौकशी १९८५ साली बंद झाली होती. पुढे २००५ साली, आपण आउशवित्झमध्ये होतो, हे त्याने स्वतःच जाहीरपणे सांगितले. तरी खटला उभा राहिला तो २०११ नंतर. त्या वर्षी म्युनिकच्या न्यायालयाने देम्यान्युक खटल्यात, मृत्युछावणीत पहारा देणे हेच खुनांना साहाय्य होय, असे मानले.

म्हणजे विलंबाचा दोष एकट्या काळाच्या माथी मारता येत नाही. बराचसा विलंब माणसांनीच केला. त्याचा फायदा आरोपीला का मिळावा?

ग्रोनिंग तुरुंगात जाण्यापूर्वीच, २०१८ साली वारला. परंतु छावणीतून वाचलेल्यांची साक्ष न्यायालयाने त्याच्यासमोर ऐकली, गुन्ह्याला गुन्हा म्हटले. वय पाहून शिक्षा सौम्य करावी. निवाडा मात्र टाळू नये, असे मला वाटते. नाहीतर पुढचा गुन्हेगार एवढेच शिकेल की, म्हातारे होईपर्यंत लपून राहावे. मित्राला मी आपली जुनीच म्हण ऐकवली : म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो.